गुलाबी मणी

जानेवारीत तासगाव-मणेराजुरीकडं चक्कर मारलीत, तर मांडवाखाली एक गंमत बघायला मिळते. घडन् घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. एका घडावर क्रिकेटचा निकाल, शेजारच्यावर वधू-वर सूचक, त्यापलीकडं कुठल्यातरी पुढाऱ्याचा अर्धा चेहरा. नवख्या माणसाला वाटतं, पाखरांचा बंदोबस्त असेल. पाखरं असतातच, पण खरी धास्ती असते रंगाची. दुपारी ऊन चांगलं तापलं आणि पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरला, की हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढायला लागते. ‘पिंक बेरी’ म्हणतात तिला. घरी खायला कुणाची ना नसते. पण निर्यातीच्या पेटीत त्या मण्याला जागा नाही. व्यापारी मांडवाखाली मान वाकडी करून घड फिरवून बघतो, काही बोलत नाही, आणि दर पाडतो.

आमच्याकडं गुलाबी थंडी कवींना आवडते. बागायतदाराला नाही.

या गुलाबी रंगामागं जी द्रव्यं आहेत, त्यांना अँथोसायनिन म्हणतात. काळ्या द्राक्षाचा काळेपणा आणि रेड वाईनचा लालपणा त्यांचाच. आणि जो योग टाळायला आम्ही जुनी वर्तमानपत्रं किलोवर विकत घेतो, त्याच योगासाठी, म्हणजे कडक ऊन आणि गारठलेली रात्र एकाच दिवसात मिळावी म्हणून, अर्जेंटिनात लोक डोंगर चढून गेले आहेत.

अर्जेंटिनाच्या वायव्येला साल्ता नावाचा प्रांत आहे. तिथल्या काल्चाकी खोऱ्यात काफायाते हे गाव सुमारे १७०० मीटर उंचीवर वसलंय. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरचं. म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक जिथं संपतं, त्याच्याही वर यांच्या बागा सुरू होतात. कोलोमे नावाची तिथली वाईनरी १८३१ सालची. तिची एक बाग तर ३१११ मीटरवर आहे. खोऱ्यात पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर. आमच्या जत-आटपाडीला आपण दुष्काळी म्हणतो, तिथंही याहून बराच जास्त पडतो. भोवती निवडुंग, लाल खडक, धूळ. वेलीला पाणी मिळतं ते अँडीजचा बर्फ वितळून येणारं.

साल्ता तसं विषुववृत्तापासून फार लांब नाही. सपाटीवर असतं तर वाईनच्या द्राक्षाचा विचारही कुणी केला नसता. पण हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात हवा कोरडी, ढग नाहीत. दिवसभराचा उकाडा सूर्य मावळताच उडून जातो. दिवस-रात्रीत वीस अंशांचा फरक तिथं नवलाचा नाही. शिवाय हवा विरळ असल्यानं अतिनील किरणं जास्त पोचतात. त्यांच्यापासून बी वाचवायचं तर मण्याला एकच उपाय ठाऊक: साल जाड करायची आणि तिच्यात रंग भरायचा. रात्रीच्या गारठ्यानं दुसरं काम होतं. उष्ण रात्री मणी स्वतःतलं मॅलिक आम्ल जाळत बसतो. गार रात्री ते शिल्लक राहतं. परिणामी साखर पुरेपूर चढलेली, तरी आंबटपणा जागेवर, असं द्राक्ष हाती येतं.

आता हे कुणाला पाहिजे असतं? आमच्या बाजारात तरी नाही. आम्ही गेली काही दशकं नेमकं उलट काम केलंय. तासगावातच थॉम्पसनमधून निवडून काढलेलं तास-ए-गणेश, त्याच्या आगे-मागे आलेली वाणं, जीए या संजीवकाच्या बुडवण्या, विरळणी, खोडाची साल गोल कापायचं गर्डलिंग, सगळा खटाटोप कशासाठी? बी नको, आंबट नको, साल दाताला कळायला नको, आणि मणी अठरा मिलिमीटर भरायला हवा. आणि त्यात आम्ही यशस्वी झालो, हे मान्य करायला हवं.

वाईनचं द्राक्ष चाखलं ते पलूसजवळच्या पाहुण्यांच्या रानात. हौसेनं लावलेल्या दोन-चार ओळी होत्या, कॅबरने सोव्हिन्यॉंच्या. घड मुठीत मावेल एवढा. मणी काळानिळा, वर पांढरी लव, आणि आमच्या मण्याच्या निम्म्याला थोडा मोठा. तोंडात टाकला तर पहिल्यांदा गोडी आली, चांगलीच आली; मग साल चघळत राहिलो तर ती संपेना. जीभ कोरडी पडली, हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. दोन बिया दाताखाली कडकड फुटल्या आणि कडू लागल्या. बोटांना जांभळा डाग पडला तो साबणानंही लवकर गेला नाही. सोबत आमचे आबा होते. त्यांनी एक मणी खाल्ला, साल बांधावर थुंकली आणि निकाल दिला, “हे तर सौद्यात कोण फुकटबी न्यायचं न्हाय.”

आबांचा निकाल सौद्यापुरता बरोबर होता. पण रेड वाईन बनते ती त्या थुंकलेल्या सालीपासून. काळं द्राक्ष पिळलं तरी रस बहुतेक वेळा पाण्यासारखाच निघतो. रंग गरात सहसा नसतोच. म्हणून रेड वाईनला रस सालीसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, जीभ कोरडी पाडणारं टॅनिन साल आणि बियांतून येतं, आणि वाईन वर्षानुवर्षं टिकते त्यात याच दोघांचा आणि आंबटपणाचा वाटा मोठा. मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त. अठरा मिलिमीटरचा आमचा राजबिंडा मणी या कामात काही उपयोगाचा नाही.

साल्ताच्या बागांत जे मुख्य द्राक्ष आहे ते माल्बेक. मूळचं फ्रान्सच्या नैर्ऋत्येचं. मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञानं १८५३ साली मेंडोझा या अर्जेंटिनातल्या प्रांतात रोपवाटिका उभी केली, त्या सुमारास ते अर्जेंटिनात पोचलं. पुढं १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत फ्रान्समधल्या काहोर भागातल्या बहुतेक वेली मेल्या. परदेशी गेलेल्या भावकीचं मात्र तिकडं भलं झालं होतं. आज माल्बेक म्हटलं की लोकांना अर्जेंटिनाच आठवतं. डोंगरावरचं माल्बेक इतकं गडद होतं, की ग्लासापलीकडची बोटं दिसत नाहीत.

तरीही ते बऱ्याचदा एकटं बाटलीत जात नाही, आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही मिश्रणाचीच आहे. माल्बेक भरीव, मऊ, जांभळाच्या वळणाचं; पण अंगात ताठपणा कमी. म्हणून त्यात थोडं कॅबरने घालायचं, ते कणा देतं. थोडं टॅनाट घालायचं, ते इतकं तुरट असतं की एकटं प्यायचं म्हणजे धाडसच. प्रत्येक द्राक्ष पिकतं वेगळ्या आठवड्यात, म्हणून सहसा आंबवतातही वेगळं, पिंपातही वेगळं ठेवतात. काही महिन्यांनी वाईन करणारा मोजपात्र घेऊन बसतो आणि सत्तर-वीस-दहा, पंचाहत्तर-पंधरा-दहा असे नमुने करून चाखत, थुंकत राहतो. आमच्या घरी उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीची मिरची ठरते ती अशीच: बेडगी रंगाला, संकेश्वरी वासाला, लवंगी झणक्याला, आणि प्रमाणावरून आई आणि काकूत दरवर्षी भांडण. डंकावाल्याला ते तोंडपाठ आहे.

मिश्रणाला आणखी एक रोकडा अर्थ आहे. एखाद्या वर्षी एक जात मार खाते, दुसरी तगते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी पठारावर, विलकॉक्सच्या आसपास, तेराशे मीटरवर ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र अशी तिकडी लावतात. तिथंही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा येतो, त्याला ते लोक मान्सूनच म्हणतात, आणि तो ऐन द्राक्ष पिकायच्या वेळी येतो. हे वाचलं तेव्हा परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखं वाटलं.

आपल्याकडं हे झालंच नाही असं नाही. राज्यानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि आमच्या पलूसला वाईन पार्क ठरले. नाशिकनं बाजी मारली. पलूसला म्हणावं तसं बाळसं आलं नाही. कारणं सांगणारे पारावर भरपूर भेटतील. माझं मत विचाराल तर आमच्याकडं बेदाणा होता. माल उरला, दर पडला, तर शेडमध्ये रॅकवर टाकायचा. चार किलोचा एक किलो होतो, पण शीतगृहात टिकतो आणि तासगावच्या सौद्यात रोख पैसे मिळतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हाताशी एवढी भरवशाची वाट असताना, चार वर्षांनी कुणीतरी विकत घेईल अशा बाटलीच्या नादाला शेतकरी कशाला लागेल? शिवाय उंचीचं काय करणार? तासगाव जेमतेम साडेपाचशे मीटरवर. शेजारी साताऱ्यात महाबळेश्वर साडेतेराशेवर आहे खरं, पण तिथला पाऊस बघता वेलीआधी माणसालाच बुरशी यायची.

मध्यंतरी भाच्यानं परदेशातून येताना साल्ताची एक बाटली आणली. माल्बेक, कॅबरने, टॅनाट. आबा माळकरी, त्यांनी ग्लासाला तोंड लावलं नाही. पण खिडकीशी नेऊन उजेडात धरला, हलवला, काचेवर चढलेला जांभळा ओघळ खाली येईपर्यंत बघितला आणि नाकाशी नेला. मग चौकशी सुरू.

“छाटण्या किती?”

“एकच. थंडीत वेल झोपते तिथं.”

“झोपती?” आबांना हे फार लागलं. आमच्या वेलीला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि मालकालाही तेवढीच विश्रांती. “खुंट कुठला? डॉगरिज?”

“बऱ्याच बागा खुंटाशिवायच आहेत, आबा. स्वतःच्या मुळावर.”

“आन् गारा?”

“मेंडोझात पडतात. बागेवर जाळी टाकतात.”

आबा जरा वेळ हिशेब करत बसले. ग्लास तसाच हातात.

“भाच्याला म्हणावं, पुढच्या खेपेला बाटली नको. दोन काड्या आण. दंडोबाच्या डोंगरमाथ्याला लावून बघू.”

विमानतळावर काड्या धरतील, कायदा आहे, असं मी म्हणालो. त्यावर आबा म्हणाले, “पेपरात गुंडाळून आण म्हणावं.”