फुलोऱ्याआधी पाडलेला श्रीताड

आमच्याकडे दुरुस्तीला आलेली ती ताडपत्राची पोथी तिगळारी या किनारी कर्नाटकातल्या जुन्या लिपीतली, ११२ पानांची. कसरीने पोखरलेली होतीच, ते आम्हाला रोजचं. पण दोरी ओवायच्या छिद्रापाशी चौदा पानं उभी चिरली होती आणि कुणीतरी त्यांना सेलोटेप लावला होता. असा टेप लावणाऱ्यांचा मला अजून संताप येतो. त्याचा डिंक पानात मुरतो आणि टेप काढताना कोरलेल्या अक्षरांतली काजळीही निघून येते.

अशा चिरेला ताडपत्राचंच ठिगळ हवं. खरेदी विभागाने साध्या ताडाच्या पानांचा गठ्ठा पाठवला. "ताड तो ताड, मॅडम." ताडगोळेवाला ताड म्हणजे खरताड, त्याचं पान जाड, कडक आणि कडेला मोडणारं. पोथी श्रीताडाची होती. ते पान पातळ, रुंद, आणि इतक्या वर्षांनीही बोटांवर लवतं. दोन्ही एकमेकांना चिकटवली तर हवा बदलताच वेगवेगळी आक्रसतात आणि जोड उचलतो. हे मी टिपणात लिहून दिलं होतं. वाचलं कुणी?

शेवटी उत्तर कन्नडातल्या कुमठ्याकडच्या ओळखीपाळखीत निरोप ठेवला: श्रीताडाची कोवळी पानं कुठे मिळाली तर कळवा. दोन महिन्यांनी फोन आला. "या, झाड पाडतोय."

पोचले तोवर झाड आडवं झालं होतं. बागेचे मालक, मामा, सत्तरीचे. "बाय, हा फुलला तर गावाला बरं नसतं म्हणतात. वरची पानं लहान यायला लागली, म्हणजे आता फुलणार. आणि तुम्हालाही पानं हवी होती ना?"

ते शेवटचं वाक्य मी अजून विसरलेले नाही.

श्रीताड आयुष्यात एकदाच फुलतो, तीस ते ऐंशी वर्षांचा झाल्यावर. शेंड्यातून सहा-आठ मीटरचा फुलोरा निघतो, लाखो फुलं येतात, वर्षभरात फळं पिकतात आणि झाड वाळतं. फुलण्याआधी पाडलं, तर त्याचं एकही बी मागे राहत नाही. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण जो बजरबट्टूचा मणी बांधतो, ती याचीच बी. मामांच्या नातवाच्या मनगटातही तो होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला.

कोयत्याने शेंडा सोलला. आत न उघडलेली पानं मिटल्या पंख्यासारखी एकात एक बसलेली, लोण्याच्या रंगाची, ओलसर. मी एकेक काढत गेले. पाच निघाली. फुलोऱ्याचा कोंब कुठेच नव्हता. झाडात अजून वर्षं होती.

मामा बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घ्या, आता वाया नको."

घेतली. मधली काडी काढून पट्ट्या केल्या, हळद घालून उकळल्या, सावलीत वाळवल्या, दाबाखाली ठेवल्या आणि शंखाने घोटल्या. ठिगळाच्या कडा पात्याने इतक्या तासल्या की जोडावर नख अडकत नाही. शिरा शिरांना जुळवल्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ लावली. चौदाही पानं आता उलटता येतात. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालंय.

पोथी परत गेल्यावर मी मामांना फोन केला. बंगालात याच्याच जातभाईचं, तालिएराचं, रानातलं शेवटचं झाड शांतिनिकेतनजवळच्या गावात होतं. १९७९ मध्ये ते फुलोऱ्यावर आलं, तेव्हा भुताचा ताड समजून लोकांनी तोडलं. हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाच्या जागेत होतं?" ते मला ठाऊक नव्हतं.

मग म्हणाले, "ओहोळापलीकडे आमचा अजून एक आहे. काढला तर कळवू?"

मी म्हटलं, "मामा, आता पानं नकोत. तो फुलला की कळवा. मी बिया वेचायला येते."

पलीकडे जरा वेळ शांतता. "बघू," म्हणाले.