मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती किलोमीटर?

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावून रेघ मारा. ती सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिकवर उतरते. ही वाट भरते सुमारे १४,२०० किमी. आता ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांत दोरा ताणून धरा. दोरा २९.५ सेंटीमीटर भरेल. या गोलावर १ सेंटीमीटर म्हणजे जवळपास ४२५ किमी, म्हणजे अंतर साधारण १२,५४० किमी. सपाट नकाशा इथे तब्बल साडेसोळाशे किलोमीटरचा चकवा देतो.

दोऱ्याखाली काय येतं ते जरूर बघा. सिंध, क्वेट्टा, अफगाणिस्तानातलं हेरात, तुर्कमेनिस्तान, रशियातला व्होल्गाचा भाग, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडा. मुंबईहून निघताना दिशा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे जास्त, ३३३ अंशांची (उत्तर शून्य धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेली). मधेच ही वाट पार ६४ अंश उत्तरेच्याही वर चढते.

पण दोऱ्यावरून विमान जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना. मग वळसा आला, आणि वळशाबरोबर जादा इंधन.

त्यात वारा. या अक्षांशांवर उंचावरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा प्रत्यक्ष वाट १३,५०० किमी आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. जाताना समोरून सरासरी ४० चा वारा असेल तर १५ तास ४२ मिनिटं. येताना तेवढ्याच वाटेवर पाठीशी ५० चा वारा मिळाला तर १४ तास १३ मिनिटं. तिकिटावर जाण्या-येण्याचे तास वेगळे दिसतात ते यामुळे. (घड्याळांचा फरक आधी वजा करायचा, हे वेगळं सांगायला नको.)

स्वतः गणित करायचं असेल तर मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन मिळवा. बेरीज उणे ०.३८६ येते. ज्याचा कोसाइन एवढा तो कोन ११२.७ अंश, त्याला १११.२ ने (एका अंशाचे किलोमीटर) गुणा, म्हणजे किलोमीटर मिळाले. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतात, तेवढं सोडून द्या.

घोळ होतो तो पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायला विसरल्यावर. मग न्यूयॉर्क २,४०० किमीवर येतं! एक्सेलमध्ये अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करायचे राहिले तर चुकीचा इशारा मिळत नाही, नुसताच भलता आकडा येतो, त्यामुळे ही चूक पकडणं अवघड. आणि कुठे ६,७७० मैल असं दिसलं तर ते सागरी मैल आहेत, १.८५२ ने गुणायचे. साधे मैल धरून १.६०९ ने गुणलंत तर सोळाशे किलोमीटर गायब.