टँकरची नोकरी धरण्याआधी : माझा अनुभव

नाशिकहून वाशीच्या बाजारात द्राक्षे आणि टोमॅटो नेणारी आयशर मी बरीच वर्षे चालवली. हंगामात झोप नाही आणि हंगाम सरला की काम नाही, असा तो धंदा. त्यामुळे पानेवाडीहून पेट्रोल-डिझेल भरणाऱ्या टँकरवर चालकाची जागा असल्याचे कळले, तेव्हा बाराही महिने चालणारे काम म्हणून माझे मन तिकडे ओढले. तरीही होकार देण्यापूर्वी मी बराच वेळ घेतला. या कामाकडे वळू पाहणाऱ्या इतर चालकांना तो शोध उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

पानेवाडी हे मनमाडजवळचे गाव. मोठ्या तेल कंपन्यांचे डेपो तेथे असून मुंबईकडून पाइपलाइनने येणारे इंधन तेथून टँकरने पंपांवर जाते. टँकरवर रंग आणि नाव कंपनीचे असले, तरी बहुतेक गाड्या कंत्राटी वाहतूकदारांच्या असतात. चालकाचा पगार, भत्ता, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा संबंध त्या वाहतूकदाराशी येतो. नावाजलेल्या कंपनीत नोकरी मिळाली, असे घरी सांगण्याआधी हे समजून घेतलेले बरे.

परवान्याचा भाग सोपा निघाला. माझ्याकडे जड वाहनाचा परवाना होता, पण धोकादायक मालासाठी त्यावर वेगळी नोंद लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि एका भारतीय भाषेसोबत इंग्रजी लिहिता-वाचता यावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा परवान्याची मुदत तीन वर्षांची झाली असून नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण असते. इंग्रजीची अट मला आधी जाचक वाटली होती. वर्गात ट्रेम कार्ड हातात पडले, तेव्हा तिचे कारण कळले. गळती किंवा आग लागल्यास काय करायचे आणि काय टाळायचे, हे त्या कार्डावर लिहिलेले असते आणि ते केबिनमध्ये हाताशी ठेवावे लागते. टँकरच्या फलकावरचे 1203 म्हणजे पेट्रोल आणि 1202 म्हणजे डिझेल, हेही मी तेथेच शिकलो. इतकी वर्षे ते आकडे महामार्गावर मी नुसते पाहत होतो.

घरी विरोध होता तो आगीच्या भीतीने. “अहो, टोमॅटो सांडले तर लोक गोळा करून नेतात, हे सांडलं तर काय?” असे पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला प्रशिक्षणात मिळाले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि गटारात किंवा खड्ड्यात साचून राहते. म्हणूनच टँकरचा सायलेन्सर पुढच्या बाजूला काढून त्यावर ठिणगी अडवणारी जाळी बसवलेली असते, आणि भरताना किंवा खाली करताना गाडीला अर्थिंगची तार जोडल्याशिवाय पाइपला हात लावायचा नसतो. आगीचा धोका खरा आहे, पण त्याच्यासाठी नियम आहेत आणि ते पाळणे बऱ्याच अंशी चालकाच्या हातात आहे, इतकी माझी खात्री झाली. पत्नीची पूर्ण झाली, असे मी म्हणणार नाही.

अनोळखी माणसाला टँकरमध्ये बसू देत नाहीत, त्यामुळे काम पाहण्यासाठी मी आडगाव नाक्याच्या बाजूला ओळखीच्या एका पंपावर जाऊन थांबलो. तेथे आलेला चालक वयाने मोठा होता आणि सगळे त्याला मामा म्हणत. मामांनी इंजिन बंद केले, गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावली, अर्थिंगची तार जोडली, आणि मग काही न करता नुसते उभे राहिले. प्रवासात हिंदकळलेले इंधन शांत व्हावे आणि त्यात साठलेली स्थिर वीज उतरावी, म्हणून हा वेळ द्यायचा असतो. त्यानंतर पंपाच्या व्यवस्थापकाने बिलावरचे सीलचे क्रमांक झाकणांवरच्या सीलशी ताडून पाहिले. मामांनी इंधनाची पातळी मोजणारी पितळी डिपची पट्टी एकेका कप्प्यात सरळ सोडली, बाहेर काढून ओल्या रेषेवर अंगठा ठेवला आणि ती व्यवस्थापकाच्या डोळ्यांसमोर धरली. एका कप्प्यात रेषा खुणेच्या जरा खाली होती. मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, गाडी उताराला उभी आहे. दोन हात पुढे घेतो, मग बघा.” गाडी सपाटीवर आल्यावर रेषा खुणेला टेकली.

दोन हातांच्या त्या उताराने मला जितका विचार करायला लावला, तितका आगीनेही लावला नव्हता. मामांना विचारले, तेव्हा त्यांनी या नोकरीचे खरे दुखणे सांगितले, ते म्हणजे घट. पेट्रोल तापमानाच्या एका अंशाला साधारण हजारात एक भाग आकसते किंवा फुगते, म्हणजे 12,000 लिटरच्या गाडीत एका अंशाला बारा लिटरच्या आसपास फरक पडतो. दुपारच्या उन्हात भरलेली गाडी पहाटेच्या गारठ्यात खाली केली, तर एक थेंबही न चोरता माप कमी दिसू शकते. घनता 15 अंशांच्या प्रमाणावर आणून तपासण्याची पद्धत असते आणि तिने भेसळ उघडी पडते, पण कमी निघालेल्या लिटरचे पैसे कोणी द्यायचे हा वाद वेगळा आहे. अनेक ठिकाणी ते पैसे काहीही न तपासता चालकाच्या पगारातून कापले जातात.

चोरीचा मुद्दाही येथे टाळता येत नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेल भेसळीचा प्रकार तपासायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, हे आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. आता गाड्यांवर मागोवा घेणारी यंत्रे आहेत आणि गाडी ठरलेल्या रस्त्याबाहेर थांबली, तर जाब विचारला जातो. चोख चालकासाठी मी याला जाच म्हणणार नाही; खोटा आळ आला, तर तीच नोंद त्याच्या बाजूने उभी राहते.

अपघाताच्या कायद्याचीही मी चौकशी केली, कारण जानेवारी 2024 च्या सुरुवातीला पानेवाडीच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या, ते मी पाहिले होते. कोणाचा जीव गेलेल्या अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या दोषी चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम 106(2) हा त्यांचा आक्षेप होता. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. आयशर चालवतानाही मी याच कायद्याखाली होतो, त्यामुळे नोकरीच्या निर्णयात या मुद्द्याचे वजन मी फारसे धरले नाही.

मी दोन वाहतूकदारांना भेटलो. पहिल्याचा पगार जास्त होता. घट निघाल्यास काय, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, “आपल्याकडे तसं काही होत नाही.” हे लिहून द्याल का, असे विचारताच त्यांचा सूर बदलला. दुसऱ्याकडे पगार कमी आणि गाडी जुनी होती, पण त्यांनी तीन गोष्टी नेमणूकपत्रात घातल्या: सील शाबूत असताना निघालेली घट चालकावर लादली जाणार नाही, डिप सपाट जागेवर आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांनीच घेतली जाईल, आणि रात्री उशिरा गाडी खाली झाल्यास सकाळच्या भरणीला त्याच चालकाला पाठवले जाणार नाही. शेवटची अट पत्नीने सुचवली होती. हंगामात वाशीहून परतताना माझे डोळे कसे मिटायचे, हे तिला चांगले ठाऊक होते.

मी दुसऱ्याकडे होकार कळवला. मात्र पेठ मार्गावरची फेरी, म्हणजे सावळघाट आणि कोटंबी घाट, पावसाळा संपेपर्यंत मला देऊ नये, असे मी सांगितले. भरलेल्या टँकरचा भार उंचावर असतो आणि वळणावर आतले इंधन बाहेरच्या बाजूला रेटते; हाताला त्याची सवय मला आधी मनमाड-चांदवड-नाशिक या मोठ्या रस्त्यावर करून घ्यायची होती. मालकांनी ते मान्य केले आणि डेपोच्या पाससाठी पोलीस पडताळणीचा दाखला व डोळ्यांच्या तपासणीचे कागद आणायला सांगितले. ते कागद मी सादर केले आहेत आणि आयशरच्या मालकाला महिनाअखेरपर्यंत दुसरा चालक पाहण्यास कळवले आहे.