पश्चिमेच्या गच्चीवरचा डेक : कंपोझिट की साग?

आमच्या पश्चिमेकडील गच्चीवर सुमारे २०० चौरस फुटांचा डेक, म्हणजे सांगाड्यावर आवळलेल्या फळ्यांची जमीन, घालण्याचे काम आता सांगाड्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. लोखंडी पाइपांची चौकट बसली आहे, सागाच्या फळ्या रंधून सावलीत रचून ठेवल्या आहेत आणि मृगाच्या आत त्या आवळून मोकळे व्हावे असा बेत आहे. कंपोझिट सोडून साग का घेतला, याचा हिशेब या नोंदीत मांडत आहे. ज्या कारणांनी मी सागाकडे वळलो ती कारणे गच्चीच्या दिशेला आणि नाशिकच्या हवेला बांधलेली आहेत, त्यामुळे हाच डेक घराच्या उत्तरेला किंवा इगतपुरीत घालायचा असता तर उत्तर कदाचित उलटे आले असते.

कंपोझिट, म्हणजे बाजारात ज्याला डब्ल्यूपीसी म्हणतात ते, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून दाबून काढलेले असते. भुशाचे प्रमाण साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते आणि उरलेल्यात पॉलिथीन किंवा पीव्हीसी, रंग आणि उन्हाला तोंड देणारी काही रसायने असतात. फळी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: ती भरीव आहे की पोकळ, आणि तिच्यावर शुद्ध प्लास्टिकचे आवरण आहे की नाही. फळीचे कापलेले टोक उजेडात धरले की दोन्हींची उत्तरे तिथेच मिळतात. आवरण असलेल्या फळीच्या कडेला नखाच्या जाडीएवढी, आतल्यापेक्षा गुळगुळीत आणि एकसारख्या रंगाची पट्टी दिसते, तर आवरण नसलेल्या फळीत भुशाचे कण पृष्ठभागापर्यंत आलेले असतात. हेच कण पुढे पाणी पितात आणि पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. एका दुकानात मला ‘मेंटेनन्स फ्री’ हा शब्द वारंवार ऐकवण्यात आला, पण ते टोक पाहू द्या म्हटल्यावर नमुना हातात मिळायला बराच वेळ लागला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो उन्हाचा आहे. नाशकात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पश्चिमेच्या गच्चीवर दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत सावलीचा मागमूस नसतो. कंपोझिटच्या गडद कॉफी रंगाच्या, फिकट राखाडी रंगाच्या आणि रंधलेल्या सागाच्या तुकड्यांची मी गच्चीवर शेजारीशेजारी रांग लावली आणि ते भर दुपारी तपासले. गडद तुकड्यावर तळहात टेकवून ठेवता येईना, राखाडी जेमतेम सुसह्य होता आणि साग गरम असूनही त्यावर अनवाणी उभे राहता येत होते. यामागचे कारण सोपे आहे. कंपोझिट सागाच्या जवळजवळ दुप्पट घनतेचे असते, त्यामुळे ते अधिक उष्णता साठवते आणि ती पायाला भरभर देते. लाकडातील हवेने भरलेल्या पेशी मात्र उष्णता सावकाश सोडतात. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला सगळे गच्चीवर येऊन बसतात आणि चप्पल दाराशीच राहते, हे गृहीत धरले तर हा मुद्दा किरकोळ म्हणता येत नाही. फिकट रंग घेतला की बराच फरक पडतो हे खरे आहे, पण फिकट कंपोझिटवर तेलाचा किंवा चहाचा डाग फार उठून दिसतो, आणि आवरणाची फळी घासून काढता येत नाही, कारण घासले की आवरणच जाते.

दुसरा मुद्दा फळ्यांच्या हालचालीचा आहे. लाकूड आणि कंपोझिट दोन्ही हलतात, पण लाकूड दमटपणामुळे रुंदीत हलते आणि कंपोझिट तापमानामुळे लांबीत हलते. एकाची सवय असलेला मिस्त्री दुसऱ्याला तीच फट ठेवतो आणि मग डेक फुगतो किंवा उघडा पडतो.

आधी कंपोझिटचा हिशेब पाहू. त्याची लांबी दर अंशाला प्रतिमीटर सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढते, आणि प्लास्टिक अधिक असेल तर त्याहूनही जास्त. बाजारात नेहमी मिळणारी २.९ मीटरची फळी जानेवारीच्या पहाटे ८ अंशांवर असेल आणि एप्रिलच्या दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत गेला, तर फरक ५२ अंशांचा होतो आणि फळी सुमारे ६ मिलिमीटर लांबते. म्हणून थंडीत सकाळी बसवली तर टोकांशी मोठी फट ठेवावी लागते आणि मे महिन्याच्या दुपारी बसवली तर अगदी लहान, कारण तेव्हा फळी आपल्या कमाल लांबीला आलेली असते. शिवाय प्रत्येक फळी एकाच ठिकाणी पक्की करून बाकीच्या क्लिपांमधून सरकू द्यायची असते. दोन्ही टोके आवळली तर ती कमानीसारखी वर उचलली जाते.

सागाची लांबी याच तापमानात एक मिलिमीटरही बदलत नाही. त्याचा प्रश्न रुंदीचा आहे. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या लाकडातील पाण्याचे प्रमाण ६ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरते आणि संततधार पावसात ते १६-१७ टक्क्यांवर जाते. पाण्याच्या दर टक्क्यामागे साग वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण ०.२ टक्के फुगतो आणि गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे चार इंची फळीच्या टोकावर वाढीच्या रेषा आडव्या पडलेल्या असतील तर ती पावसाळ्यात सुमारे २ मिलिमीटर रुंदावेल आणि त्या रेषा उभ्या असतील तर एक मिलिमीटरच्या आत राहील. याच कारणाने मी सहा इंचांऐवजी चार इंचांची फळी निवडली आणि रचताना उभ्या रेषांच्या फळ्या वेगळ्या काढून, जिथे खुर्च्या-टेबल राहणार त्या मधल्या भागासाठी राखल्या. अरुंद फळीला बाकही कमी येतो. आम्ही फळ्या मे महिन्यात, म्हणजे त्या अगदी वाळलेल्या असताना आवळणार असल्यामुळे दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवणार आहोत, जेणेकरून श्रावणात फुगल्यावरही पाणी आणि पालापाचोळा जायला वाट राहील. हेच काम कोणी ऑगस्टमध्ये काढले तर त्याला ४ मिलिमीटर पुरतील, कारण पुढच्या उन्हाळ्यात फटी आपोआप वाढणार आहेत.

देखभालीच्या बाबतीत कंपोझिट पुढे आहे, यात वाद नाही. त्याला वाळवी लागत नाही, तेल पाजावे लागत नाही आणि त्याची कुसे पायात जात नाहीत. पण ओरखडा पडला, जळकी उदबत्ती पडली किंवा रंग उडाला, तर फळी बदलण्याखेरीज इलाज नसतो, आणि काही वर्षांनी तोच रंग, तोच नमुना बाजारात मिळेलच असे नाही. सागाची फळी वर-खाली उलटता येते, रंध्याचा एक हात मारून पुन्हा ताजी करता येते आणि अगदी बाद झाली तर तिचा पाट होतो. तेल पाजले नाही तर साग एक-दोन वर्षांत चंदेरी करडा होतो, ते केवळ रूप आहे, त्याने लाकूड लगेच कमकुवत होत नाही. मी वर्षातून एकदा, पाऊस संपून लाकूड वाळल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेलाचा हात देण्याचे ठरवले आहे. नुसते जवसाचे तेल मात्र वापरू नये. बुरशीला ते खाद्यच वाटते आणि पावसाळ्यात डेक काळवंडतो, म्हणून बुरशीरोधक आणि थोडे रंगद्रव्य असलेले बाहेरच्या कामाचे तेल घ्यावे. आणखी एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. जवस तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

पाइनच्या, औषध मुरवलेल्या फळ्यांचाही विचार झाला होता. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे हे मिश्रण भारतीयच आहे. देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंती कामेसम यांनी ते १९३३ साली शोधले आणि ते जगभर गेले. अमेरिकेत मात्र घरगुती वापराच्या लाकडासाठी उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस ते बंद केले. आमच्या गच्चीवर कुंड्यांत मेथी-पालक असतो आणि फळ्या कापताना उडणारा भुसा तिथेच पडणार, तेव्हा मी तो नाद सोडला.

साग कोठून घ्यावा, यावर माझे मत ठाम आहे: जुना घ्यावा. जुन्या नाशकातील वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, कडीपाट आणि दरवाजांच्या चौकटी वखारींत येतात, आणि त्यातील बहुतेक लाकूड गाभ्याचे, मंद वाढीचे, दशकानुदशके वाळलेले असते. आजकालच्या लागवडीच्या कोवळ्या सागात पांढरा भाग बराच निघतो आणि तो भाग किडीला सोपा असतो. सागाचा टिकाऊपणा गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे आहे, ‘साग’ या नावामुळे नाही. जुन्या तुळईवरून रंधा गेला की वरचा काजळीचा थर निघून सोनेरी तपकिरी लाकूड उघडते आणि चामड्यासारखा उग्र वास येतो. बोट फिरवले तर किंचित मेणचट लागते. हा मेणचटपणा जाणवला नाही तर तुकडा बाजूला ठेवावा.

खरेदीत हिशेब नीट करावा, कारण कंपोझिट चौरस फुटावर विकले जाते आणि साग घनफुटावर. एका घनफुटातून एक इंच जाडीच्या फळ्या कागदावर १२ चौरस फूट निघतात. प्रत्यक्षात करवतीचा भुसा, रंधकाम, जुन्या सांध्यांची भोके आणि खिळ्यांजवळचे फुटलेले भाग वजा जाता ८ चौरस फूट हाती आले तरी समाधान मानावे. दोन्हींचे दर या पायावर एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करूच नये. तुळई करवतीखाली देण्यापूर्वी तिच्यावरून सर्व बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. आत दडलेला एक जुना खिळा पात्याचे दात घालवतो आणि करवतवाले पैसे वेगळे मागतात.

सांगाड्याविषयी थोडे. गच्चीच्या कोब्याला आणि त्याखालच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडलेले नाही. ५० बाय २५ मिलिमीटरचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप रबरी पॅडवर ठेवले आहेत आणि उतार भरून काढण्यासाठी पॅडांची जाडी पाणसळ लावून ठरवली आहे. पाइपांतील अंतर ४०० मिलिमीटर आहे. कंपोझिटसाठी ते ३०० च्या आसपास घ्यावे लागले असते, कारण त्याचा ताठपणा सागाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा असतो आणि उन्हात तापल्यावर ते हळूहळू कायमचे खचते. म्हणजे चौरस फुटाच्या भावात कंपोझिट स्वस्त वाटले तरी पाइपांची संख्या वाढते, आणि हा खर्च अंदाजपत्रकात सहसा कोणी दाखवत नाही. वजनाची भीती मात्र अनाठायी आहे. २२ मिलिमीटरचा साग चौरस मीटरला सुमारे १४ किलो भरतो, २५ मिलिमीटरचे भरीव कंपोझिट ३० किलो, तर वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा आहे. डेकपेक्षा ओल्या मातीच्या मोठ्या कुंड्यांची काळजी करावी, आणि त्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवाव्यात.

स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले आहेत. समुद्र जवळ नसल्याने ३१६ ची गरज नाही. साधे लोखंड सागातील टॅनिनशी मिळून निळसर काळे डाग पाडते. हे पाहायचे असेल तर रंधलेल्या तुकड्यावर ओला खिळा रात्रभर ठेवावा. याच कारणाने पाइप आणि फळी यांच्यामध्येही रबराची पातळ पट्टी येणार आहे, आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग आधीच दिला आहे. साग कडेजवळ चटकन चिरतो, म्हणून प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडायचे आणि कडेपासून किमान २० मिलिमीटर अंतर ठेवायचे, असे मिस्त्रींशी ठरले आहे.

कंपोझिटला आम्ही पूर्ण रजा दिलेली नाही. घराच्या मागच्या बाजूला, धुणे वाळत घालतो त्या सावलीच्या पट्ट्यात ऊन येत नाही आणि जमीन कायम ओलसर असते. तिथे जमिनीलगत साग घालणे म्हणजे वाळवीला आमंत्रण होय. त्या पट्ट्यासाठी आवरण असलेल्या भरीव फळ्या पावसाळ्यानंतर घेऊ. गच्चीचा दक्षिणेकडील कोपरा तसाच उघडा राहील, कारण आईने काम सुरू होण्याआधीच बजावले होते, “अरे, माझ्या कुरडयांना आणि पापडांना कोबाच लागतो, लाकूड नको.”

आता उरलेल्या कामात पाण्याच्या जाळीवरच्या दोन फुटांच्या भागाची रचना तेवढी ठरायची आहे. तिथल्या फळ्या पाइपांना न आवळता मागून दोन पट्ट्यांवर जोडून सुटी चौकट करावी, म्हणजे पावसाळ्यात ती उचलून जाळीतला कचरा काढता येईल, असे सध्या ठरवले आहे. चौकटीचे वजन एका माणसाला उचलता येईल इतके राहावे, म्हणून ती दोन भागांत करणार आहे.