लाटांचा हंगाम, तळाचा हंगाम

सहलीला कधी जायचं हा प्रश्न मराठी घरात फारसा पडतच नाही. तो शाळा सोडवते. मे महिना, दिवाळी, नाताळ. यांतलं एक निवडा आणि निघा. मालदीवच्या जाहिरातीही याच तीन वेळांना भरभरून येतात आणि त्यांतलं पाणी बाराही महिने सारखंच निळं असतं. पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर तेवढ्या माहितीवर भागतं. पण एकाला लाटेवर उभं राहायचंय, दुसऱ्याला सिलिंडर बांधून खाली उतरायचंय आणि दोघं एकाच विमानाने निघालेत, म्हणजे भांडण ठरलेलं. ‘आता सीझन आहे का हो?’ असं बेटावर विचारलं तर सर्फिंगवाला एक सांगतो, डायव्हिंगवाला दुसरंच, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आधी लाटेचं बघू, कारण तिचं माहेर फार लांब आहे. मालदीवच्या प्रवाळावर फुटणारी चांगली लाट तिथल्या वाऱ्याने उठलेली नसते. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तिथे वादळं एकामागून एक पूर्वेकडे धावत असतात आणि आपल्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ती सगळ्यांत दांडगी असतात. त्यांच्याखाली उठलेला समुद्र उत्तरेला निघतो. लाटांचा जथा खोल पाण्यात किती वेगाने सरकतो हे काढायला कागदही लागत नाही. दोन लाटांमध्ये जितके सेकंद, त्यांची दीडपट केली की ताशी सागरी मैल मिळतात. १६ सेकंदांची लाट ताशी २४ सागरी मैलांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरने येते; दिवसाला हजार किलोमीटरच्या वर. पन्नाशीच्या अक्षांशावरून मालेपर्यंतचे सहा हजार किलोमीटर कापायला तिला पाच-सहा दिवस लागतात. त्यामुळे तितक्या दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्यापुढचा वाचून मनाला बरं वाटतं इतकंच. तिकीट काढायचं ते हंगाम बघून. रोजचा कार्यक्रम अंदाज बघून बेटावरच ठरवायचा.

अंदाजाच्या तक्त्यात नवखा माणूस लाटेची उंची बघतो आणि फसतो. सेकंद आधी वाचावेत, मीटर नंतर. एक मीटर आणि १६ सेकंद हे दीड मीटर आणि ७ सेकंदांपेक्षा कितीतरी मोठं प्रकरण आहे. पहिली लाट उथळ प्रवाळावर चढली की डोक्याएवढी उभी राहते, तिची भिंत साफ असते आणि दोन लाटांच्या मध्ये परत बाहेर वल्हवायला वेळ मिळतो. दुसरी म्हणजे जवळच्या वाऱ्याने माजवलेला नुसता खळबळाट. त्यात हात दमतात, पाय बोर्डवर पडतच नाहीत.

मग वाऱ्याची दिशा. उत्तर माले अटोलच्या, म्हणजे तिथल्या कंकणाकृती प्रवाळबेटांच्या, नावाजलेल्या लाटा पूर्व कडेला आहेत. कोक्स आणि चिकन्स थुलुसधू बेटापाशी. तिथे कोका-कोलाचा कारखाना आहे, म्हणून कोक्स. जेलब्रेक्स हिम्माफुशीला, जवळच्या तुरुंगावरून. सुलतान्स थानबुरुधू बेटापाशी उजवीकडे फुटते आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला हॉन्कीज डावीकडे. नैर्ऋत्येचा वारा अटोल ओलांडून मागच्या बाजूने येतो आणि फुटायला आलेल्या लाटेला समोरून थोपवून धरतो. ती उशिरा फुटते, उभी फुटते, गुळगुळीत राहते. डिसेंबरपासून ईशान्येचा वारा उघड्या समुद्राकडून येतो आणि तीच भिंत विस्कटून टाकतो. त्यातच दक्षिणेकडची वादळंही तेव्हा थंडावलेली. म्हणून मार्च ते ऑक्टोबर हा लाटांचा काळ आणि त्यातले जून, जुलै, ऑगस्ट हे मुरलेल्यांचे. टोनी हाइंड हा ऑस्ट्रेलियन सर्फर ज्या जहाजावर होता ते १९७३ साली इथल्या प्रवाळावर फुटलं. त्याने या लाटा बघितल्या आणि मुक्काम इथेच ठोकला. पुढची बरीच वर्षं त्याने त्यांचा बभ्रा होऊ दिला नाही. असा शेजार मिळाल्यावर कोण सांगत सुटेल!

पाण्याखालचा हिशोब वेगळा. ईशान्य मोसमात प्रवाह पूर्वेकडून येतो. पूर्व कडेच्या कंडूंमधून, म्हणजे दोन बेटांमधल्या खोल खिंडींतून, महासागराचं स्वच्छ पाणी आत शिरतं आणि जानेवारी ते एप्रिल २५-३० मीटरपर्यंत नजर पोचते. तेच पाणी आतल्या उथळ भागातून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, घेत पश्चिमेला बाहेर पडतं. मांटा, म्हणजे पंख पसरून पोहणारा तो प्रचंड मासा, प्लवकावर जगतो. तेव्हा तो पश्चिम कडेला जातो. नैर्ऋत्य मोसमात सगळं फिरतं. पश्चिमेला पाणी नितळ, पूर्वेला धुकट आणि मांटा पूर्वेला. नजर १५ मीटरवर आली की डायव्हिंगवाले ‘ऑफ सीझन’ म्हणू लागतात. पण पाणी धुकट ज्यामुळे होतं, त्यासाठीच मांटा येतात. बा अटोलमधल्या हनीफारूच्या उपसागरात ते जून ते नोव्हेंबरमध्ये जमतात, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त. तिथे सिलिंडर लावून उतरायला मात्र बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून वरच्या वर पोहणं. डायव्हिंगचं प्रमाणपत्र मिरवत जाणाऱ्यांनी हे आधी वाचून घ्यावं. उत्तर माले अटोलच्या पूर्व कडेचा लंकन मांटा पॉइंटही याच महिन्यांत भरात असतो आणि तिथे रीतसर डायव्हिंग करता येतं.

तेव्हा ‘डायव्हिंगचा सीझन कोणता’ याच्या आधी ‘खाली जाऊन बघायचं काय’ हे विचारावं. लांबवर दिसणारी निळाई आणि खिंडीतले शार्क हवे असतील तर जानेवारी ते एप्रिल, आणि सर्फिंगवाल्याने बरोबर पुस्तक न्यावं. मांटा हवा असेल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर, आणि मग लाट आणि मांटा दोन्ही एकाच अटोलच्या एकाच कडेला, होडीच्या पल्ल्यात. आमचं मत या दुसऱ्या वेळेच्या बाजूने आहे. नितळ पाणी फोटोत चांगलं दिसतं. मांटा डोक्यावरून गेला की किती मीटर दिसत होतं ते कुणाला आठवत नाही.

एक अडचण उरतेच. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. १६ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात ४०० मीटर. म्हणजे १५-२० मीटरवर तरंगणाऱ्या डायव्हरला ती चांगलीच जाणवते. पुढे दोन हात, मागे दोन हात, सतत. त्यात कॅमेरा स्थिर राहत नाही, काहींना पाण्याखालीही मळमळतं, आणि प्रवाळाला धरावंसं वाटतं, जे करायचं नसतं. मोठी लाट आलेल्या दिवशी बाहेरची कडा सोडून अटोलच्या आतल्या थिलांवर, म्हणजे बुडालेल्या टेकड्यांवर जावं. चांगला डायव्हमास्टर हे न सांगता करतो. जो करत नाही त्याला विचारावं, का.

मालदीवच्या कोळ्यांकडे या साऱ्याचं पंचांगच होतं. तिकडे ‘नकय’ म्हणतात ती २७ नक्षत्रं, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची. नावंही ओळखीची: असिधा ही अश्विनी, रोआनु ही रोहिणी, अधा ही आर्द्रा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात असिधा लागलं की नैर्ऋत्य हंगाम सुरू, १० डिसेंबरच्या सुमारास मूळ लागलं की ईशान्य. आपल्याकडे ७ जूनच्या आसपास मृग लागतो आणि शेतकरी आभाळाकडे बघू लागतो, तसंच हे. सूर्याच्या चालीवर बेतलेलं, म्हणून तारखा फारशा न हलणारं. दिवाळीचं तसं नाही. ती चंद्राची. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला जातं. समुद्राच्या दृष्टीने हे अठरा दिवस फार आहेत. ऑक्टोबरात पश्चिमेचा वारा, दक्षिणेची लाट आणि पूर्व कडेचे मांटा अजून हजर असतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारा पडू लागतो आणि लाटेचा भरवसा राहत नाही. दिवाळी लवकरची असेल तर सुट्टी दवडू नये. उशिराची असेल तर डायव्हिंग धरून चालावं आणि बोर्ड घरी ठेवावा.

मे महिन्याचा मोह आवरावा. लाट असते, पण पावसाळा बसत असतो आणि झोडपून काढणाऱ्या सरी पूर्वसूचना देत नाहीत. परीक्षा लवकर संपत असतील तर एप्रिलचा उत्तरार्ध गाठावा: दोन मोसमांच्या मधला पडलेला वारा, बऱ्यापैकी उरलेली नितळाई आणि सुरू झालेल्या लाटा. याच दिवसांत दक्षिणेची तीच लाट केरळच्या किनाऱ्यावरही चढते. आभाळ निरभ्र, वारा नाही आणि समुद्र अंगणात. तिकडचे लोक तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा तसा इशारा वाचला की मालदीवच्या सर्फरांचे हात शिवशिवू लागतात. नाताळाबद्दल काय सांगायचं? डायव्हिंग उत्तम, भाव वर्षातले सर्वांत चढे.

वेळ बदलता येत नसेल तर किनारा बदलावा. यात श्रीलंकेचा हात कुणी धरणार नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारा डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावर जमिनीकडून उतरतो. अरुगम बे इथे लाटा साफ आणि त्याच किनाऱ्यावर त्रिंकोमालीजवळच्या पिजन आयलंडला डायव्हिंग. डिसेंबर ते मार्च सगळा बाजार नैर्ऋत्य किनाऱ्यावर हलतो: वेलिगामाच्या वाळूवर फुटणाऱ्या, शिकाऊंना सोसणाऱ्या लाटा आणि थोड्या अंतरावर हिक्कडुवाची बुडालेली जहाजं. इथे दोन्ही छंदांचा हंगाम एकत्र चालतो, म्हणून मे किंवा नाताळाखेरीज सुट्टीच मिळत नसेल त्यांनी मालदीवचा हट्ट सोडावा. मेमध्ये अरुगम बेच्या लाटा अजून लहान असतात, मुलं बरोबर असतील तर तेच बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र पूर्व किनाऱ्याकडे फिरकू नये. पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, दोन्ही तेव्हाचीच.

आपलं मालवण या हिशोबात फक्त तळाच्या बाजूने बसतं. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असतात. पुढे खाड्यांचा गाळ बसायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. पाच-सात मीटर दिसलं तरी चांगला दिवस म्हणायचा. तोही तिथी बघून निवडावा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ढवळतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, निवळतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित कोकणपट्टीचं. दुसऱ्या समुद्राला लावू नये, तिथल्या वेळा वेगळ्या. पण उधाण कधी आणि भांग कधी, हे तिथी कुठेही सांगते. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, म्हणजे दिवाळीची सहल कायम उधाणातच पडते. मालदीवमध्ये भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, तरी खिंडींतला ओढा उधाणाला जबर होतो. पहिला डायव्ह अशा दिवशी कंडूत करू नये. आणि ऐन ओहोटीला उथळ प्रवाळावर सर्फिंग म्हणजे पाठ सोलून घेणं.

राहता राहिला दिवसांचा क्रम. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एका डायव्हला किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डायव्हना १८ तास जावे लागतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. सीप्लेनलाही हा नियम लागू; ते खालून उडतं ही सबब चालत नाही. म्हणून शेवटचा पूर्ण दिवस सर्फिंगचा. रोजच्या दिवसातही लाट आधी, सिलिंडर नंतर. डायव्हनंतर लगेच तासभर जोर लावून वल्हवणं शरीरात बुडबुडे धरायला मदत करतं. मध्ये दोन-तीन तास विश्रांती, भरपूर पाणी. सर्फिंगमध्ये कानात वारंवार पाणी जातं आणि कान आतून सुजला तर पुढचे डायव्ह गेले, तेव्हा दर वेळी कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. सर्दीची गोळी घेऊन खाली उतरू नये. तळाशी असताना तिचा अंमल संपला तर वर येताना कानातली हवा अडकते. प्रवाळाने खरचटलं तर जखम त्याच दिवशी ब्रशने घासून साफ करावी. डोळ्यांत पाणी येतं, येऊ द्यावं. आत राहिलेला प्रवाळाचा कण महिनाभर चिघळतो.

बोर्डला लावायचं मेण उष्ण पाण्याचं, कडक जातीचं घ्यावं. साधं मेण २८ अंशांच्या पाण्यात लोणी होतं. परतताना ते खरवडून मगच बोर्ड पिशवीत भरावा, नाहीतर मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीच्या टपावर ते वितळून पिशवीच्या अस्तरात बसतं आणि पुढच्या हंगामापर्यंत निघत नाही.