फ्रियरसाहेबाचा तीस दिवसांचा खलिता

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी मुंबई बंदरात. पी. डिमेलो रोडला आमच्याकडची जुनी माणसं अजून फ्रियर रोडच म्हणतात. हा सर बार्टल फ्रियर साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता, पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांवर लढाई लादली ती याच माणसाने.

१८७७ साली तो केपटाऊनला हाय कमिशनर म्हणून गेला. दक्षिण आफ्रिकेतले सगळे प्रदेश इंग्रजी झेंड्याखाली एक करायचे होते आणि सेत्श्वायो राजाचं स्वतंत्र झुलू राज्य आड येत होतं. बोअर (तिथले डच वंशाचे गोरे शेतकरी) आणि झुलू यांच्या सीमावादात इंग्रजांच्याच आयोगाने बहुतेक कौल झुलूंना दिला, तर फ्रियरने तो निकाल कित्येक महिने दाबून ठेवला. अखेर ११ डिसेंबर १८७८ला तुगेला नदीकाठी एका झाडाखाली त्याच्या माणसांनी राजाच्या वकिलांना तो वाचून दाखवला आणि त्याच दिवशी वर फ्रियरचा निर्वाणीचा खलिता दिला: गुरांचा दंड भरा, रेसिडेंट ठेवून घ्या, तीस दिवसांत सैन्यव्यवस्था मोडा.

ही शेवटची अट नीट बघा. झुलूंचं सैन्य म्हणजे पगारी फौज नव्हती. एका वयाच्या पोरांची एक पलटण, तिला इबुथो म्हणत. हीच पोरं राजाची गुरं राखायची, त्याची शेतं कसायची, आणि राजाने मोकळीक दिली की मगच त्यांची लग्नं व्हायची. ते मोडायचं म्हणजे घरसंसाराची सगळी घडी विस्कटायची. कुठला राजा हे कबूल करेल? लंडनच्या सरकारला त्या वेळी ही लढाई नको होती, पण केपपर्यंत तार नव्हती, पत्रं बोटीने यायला आठवडे लागत. फ्रियरने याचा पुरेपूर फायदा घेतला, असं माझं ठाम मत आहे.

मुदत संपली आणि इंग्रजी फौज झुलूंच्या मुलखात घुसली. २२ जानेवारी १८७९ला इसांडलवानाच्या डोंगराखाली झुलू सेनापती न्त्शिंग्वायोच्या सुमारे २०,००० झुलूंनी बैलाच्या शिंगांसारखा दुहेरी वेढा घालून इंग्रजांची छावणी कापून काढली. इंग्रजांच्या बाजूची १,३००हून जास्त माणसं पडली, झुलूंचीही हजारावर. इंग्रजी पुस्तकं मात्र पानंच्या पानं खर्च करतात ती त्याच रात्री इंग्रजांनी राखलेल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर आणि तिथल्या ११ व्हिक्टोरिया क्रॉस शौर्यपदकांवर. याचा मला संताप येतो. इंग्रजांच्या नाताळ वसाहतीच्या हद्दीत शिरू नका, असं सेत्श्वायोने आपल्या फौजेला बजावलं होतं. तहासाठीही त्याने वारंवार माणसं पाठवली. ते कोण सांगणार?

४ जुलैला इंग्रजांनी झुलूंची राजधानी उलुंडी जाळली, राज्याचे १३ तुकडे केले. सेत्श्वायो १८८२ साली लंडनला जाऊन राणीला भेटला, तेव्हा कुठे त्याला राज्याचा एक भाग परत मिळाला. पण त्याचा वैरी झिभेभू शेजारी तसाच ठेवला होता, आणि १८८३च्या जुलैत त्यानेच उलुंडी पुन्हा जाळली.