झेंडा उलटा लावलायस का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. माझ्या लॅपटॉपवरचा स्टिकर बघून लोकांचा पहिला प्रश्न असतो, "जपान का गं?" आणि दुसरा, "उलटा चिकटवलायस का?" तर जपान नाही, पोलंडही नाही, ग्रीनलँड आहे, आणि एकदम सरळ लावलाय. वरचा पट्टा पांढरा, खालचा लाल, मध्ये एक गोल, आणि गोलाचे रंग बरोब्बर उलटे, म्हणजे पांढऱ्यावर लाल अर्धा आणि लालवर पांढरा अर्धा.

आता अर्थ. ग्रीनलँडची साधारण ८० टक्के जमीन बर्फाच्या थराखाली आहे, तो वरचा पांढरा. खालचा लाल म्हणजे समुद्र. समुद्र लाल कसा, असं विचाराल, तर क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचा उजेड पाण्यावर पसरलेला. गोलाचा वरचा अर्धा म्हणजे तो सूर्य, खालचा पांढरा अर्धा म्हणजे पाण्यात तरंगणारे हिमनग. लाल अर्ध्याला काहीजण सूर्याऐवजी तिथल्या खाड्या, म्हणजे फ्योर्ड, असंही म्हणतात, पण मला सूर्यच पटतो. इलुलिस्सात नावाचं गाव आहे ना, तिथे हिवाळ्यात दीडेक महिना सूर्य उगवतच नाही, मग १३ जानेवारीच्या सुमारास अख्खं गाव थंडीत टेकडीवर जाऊन उभं राहतं, सूर्य जरासा डोकं वर काढतो आणि थोड्या वेळात परत गडप! ते माहीत असलं की झेंड्यावर अर्धाच सूर्य का हे कुणाला विचारावं लागत नाही.

पण मला खरी मजा वाटते ती झेंडा ठरला कसा यात. १९७९ मध्ये डेन्मार्ककडून होमरूल, म्हणजे आपला कारभार आपण बघायचा अधिकार, मिळालं, त्याच सुमारास झेंड्यासाठी डिझाइन्स मागवली तर साडेपाचशेच्या वर आली आणि तरी एकमत काही होईना. शेवटी लढत दोघांत. एक हिरव्यावर पांढरा क्रॉस, डॅनिश माणसाने केलेला, आणि दुसरा हा, टूए क्रिस्टियानसनचा. हा माणूस ग्रीनलँडचाच, पेशाने शिक्षक, होमरूल सरकारात मंत्रीही होता. मतदान झालं आणि १४ विरुद्ध ११ ने हा जिंकला. दोन जण फिरले असते तर आज माझ्या लॅपटॉपवर हिरवा क्रॉस असता, म्हणजे नसताच, कारण तो मी लावला नसता. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड, फॅरो आणि ऑलंड ही बेटं, या उत्तरेकडच्या सगळ्यांचे झेंडे क्रॉसवाले, त्या घोळक्यात हा एकटाच बिनक्रॉसचा. रंग मात्र डेन्मार्कचेच, लाल-पांढरा, आणि मला हे जाम चतुर वाटतं, नातं तोडलंही नाही आणि नक्कलही केली नाही. त्यातून १९८५ हे वर्ष बघा, फेब्रुवारीत हे लोक युरोपियन कम्युनिटीतून (आजच्या युरोपियन युनियनचं आधीचं रूप) बाहेर पडले (मासेमारीचं भांडण मुख्य) आणि २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, हा झेंडा फडकवला, तोच आता त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे.

स्टिकर नीट बघितलात तर गोल मधोमध नाहीये, काठीकडे सरकलाय. झेंडा १८ भाग लांब आणि १२ भाग उंच धरला तर गोलाचा मध्य काठीपासून सातव्या भागावर येतो, नवव्यावर नाही. ही सवय शेजाऱ्यांचीच, त्यांचे क्रॉसही काठीकडे सरकलेले असतात. क्रॉस सोडला पण सरकणं ठेवलं!

आणि हो, कुणीतरी हमखास लिंक पाठवतं की डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या एका रोइंग क्लबचा झेंडा असाच आहे आणि तो क्लब याच्या आधीचा, म्हणजे ढापलाय. अहो, लाल आणि पांढरा दोनच रंग, त्यात पट्टे आणि गोल, कुणाशी ना कुणाशी जुळणारच. मोनाको आणि इंडोनेशियाचे झेंडे तर लांबी-रुंदीचं प्रमाण सोडलं तर सेम टू सेम आहेत, त्यांना कुणी विचारतं का?